पुरे म्हणेपर्यंत

स्पॅनिशच्या वर्गाला मी उशिरा पोचले आणि उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले, एवढाच काय तो माझा गुन्हा. शेजारी चष्म्यांचा दुकानदार. त्यानं मला नीट न्याहाळलं...

"तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय."

"माणूस वाकडा असण्यापेक्षा बरं!"

झाली जोडी.

बाईंची शिकवण्याची तऱ्हाच न्यारी. इच्छा सांगायची क्रियापदं आली तशा म्हणाल्या, "शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांनी 'ए' घ्यायचा, 'एर-इर'वाल्यांनी 'आ'. विहिणींनी घरं बदलली समजा! आणि जोडीदारानं इच्छा सांगितली की पाळायची... तो 'बास्ता', म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत."

मी पडद्यांच्या दुकानात मापं घेते. कापड वाया घालवत नाही, तशी इच्छाही. "किएरो के आब्रास ला बेंताना" – तू खिडकी उघडावीस. उघडली. मग जरा धीर चेपला. "किएरो के कांतेस" – तू गावंस. गडी गायला लागला! हसण्याच्या नादात मी पुरे म्हणायला विसरले. बाईंनी फळा पुसला, दिवे मालवले, तरी गाणं चालूच.

"आवाज फाटक्या पडद्यासारखा आहे हो तुमचा."

"मग रफू करा की!"

असे दिवस मजेत चालले होते, तोच एकदा तास सुटल्यावर जिन्यात तो म्हणाला, "उद्यापासून मी सकाळच्या वर्गाला. दुकानाची वेळ बदललीय. येतो मग..."

सकाळी तर मी दुकानात! म्हणजे भेट संपलीच. आणि तोंडातून निघून गेलं, "किएरो के एस्पेरेस." तू थांबावंस.

तो थांबला. पळाले मी! धावत बस गाठली. कानशिलं तापलेली. बरेच थांबे मागे पडल्यावर लख्ख आठवलं – पुरे म्हणायचं राहिलंच की!

उलट्या बसनं परत आले. तो पायरीवर बसलेला, आणि पुढ्यात कुलूप घेऊन वैतागलेला पहारेकरी.

"ताई, हे साहेब उठतच नाहीत हो!"

"वेडे आहात का तुम्ही?"

"नियम आहे. पुरे म्हणा, लगेच जातो."

मी तोंड उघडलं... मिटलं.

"नाही म्हणत, जा!"

त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मग आता माझी पाळी. किएरो के कोमास कोन्मीगो." तू माझ्याबरोबर जेवावंस.

"आजच्या दिवस?"

"तू पुरे म्हणेपर्यंत."

"जेवा रे बाबांनो," पहारेकरी कळवळला, "पण आधी जिना सोडा!"

जिना सोडला. पुरे मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.