घड्याळाच्या दारातली खूण

रेवदंड्याहून अलिबागला निघालेल्या रिक्षात सोनल कशीबशी मावली आणि टेकते न टेकते तोच शेजारच्या तरुणाच्या तोंडून तिनं स्वतःचीच बदनामी ऐकली.

"नाही रे, त्यांनी पाठवलेला कोड वाचला, बाकी सगळं झकास आहे," तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "पण ज्यानं कुणी ही मागोव्याची यंत्रणा लिहिलीय ना, त्याला दगड बांधून खाडीत सोडला पाहिजे! पावलोपावली खुणा. कर्नेल आहे की मुलगी बघायचा कार्यक्रम? श्वास घेतला तरी नोंद!"

सोनल थिजली. रेवदंड्याच्या रिक्षात बोंबलाचा भाव ऐकू येतो, कुणाचं लग्न मोडलं ते ऐकू येतं... पण कर्नेल? आणि तोही आपला?

त्याचं बोलणं संपायची तिनं वाट पाहिली. मग समोर बघतच म्हणाली, "सोडा खुशाल खाडीत. तिला पोहता येतं."

"कुणाला?"

"जिनं लिहिलंय तिला. कोळ्याची पोर आहे."

त्याचा चेहरा असा काही पडला की विचारू नका. तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आपटली आणि खिशाच्या वाटेवर असलेला त्याचा फोन थेट तिच्या मांडीवरच्या सुक्या बोंबलांच्या पिशवीत गेला. सोनलनं तो दोन बोटांनी उचलून त्याच्या हातात दिला. "घ्या. आठवडाभर वास जायचा नाही. माझी आठवण म्हणून ठेवा."

"मी... गणराज. तळ्याचा. आजच जॉइन होतोय—"

"ठाऊक आहे. पेटीचं घड्याळ तुम्ही लिहिणार. बघूच तुमचा श्वास कसा चालतो ते."

अलिबागला हेतलबेनची छोटीशी कंपनी होती. मासेमारीच्या बोटींवर बसवायची पेटी तिथं तयार होई. बोट कुठं आहे हे ती पेटी किनाऱ्याला सारखं कळवत राही. आत एक इवलासा संगणक आणि त्या संगणकाचा कारभार हाकणारा गाभा, म्हणजे कर्नेल. कुणी कधी चालायचं, कुणी थांबायचं, सगळं त्याच्या हुकमानं. वेळ सांगणारं घड्याळ म्हणजेही त्याच्यातलाच कोडचा एक तुकडा. पण हा कारभारी मधूनच रेंगाळे, आणि का ते कळत नसे. म्हणून सोनलनं त्याच्यात जागोजागी खुणा पेरल्या होत्या. एरवी खूण झोपलेली. जागी केली की तिथून काय गेलं आणि किती वाजता गेलं एवढं टिपायचं, की बाजूला व्हायचं. बघणाऱ्याचं ओझं बघितल्या जाणाऱ्यावर पडता कामा नये, हा तिचा नियम. त्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं, आणि त्या रानाबद्दल तिला थोडा गर्वही होता. असू दे की. कष्टाचा गर्व शोभतो बाईला.

गणराजला मात्र तो गर्व छेडायची भारी हौस.

"आज कुठं कुठं खुणा ठेवल्यात, मॅडम? माझ्या खुर्चीखाली एखादी?"

"तुमच्या घड्याळाच्या दारात ठेवणार आहे. मला विश्वास नाही त्याच्यावर."

"घड्याळावर की माझ्यावर?"

"घड्याळ बिचारं काय करील..."

तो हसायचा. हसताना तिच्या कोपराशी आलेला चहाचा कप हळूच लांब सरकवायचा, कारण बोलण्याच्या भरात तो एकदा तरी लवंडणार हे त्याला पाठ झालं होतं. ते सरकवणं सोनलला दिसायचं. दिसलं नाही असं दाखवायला तिला जरा जास्तच मेहनत पडायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

आणि तिनं खरंच घड्याळाच्या दारात, वेळ विचारायला जिथून आत शिरावं लागतं तिथं, खूण ठेवली. त्याची चूक पकडायचीच, या हट्टानं.

दिवाळी सरल्यावर पेटीची पहिली खरी परीक्षा सोनलच्या वडिलांच्या बोटीवर ठरली. दुपारी सगळ्या खुणा आपोआप जाग्या होतील अशी सोय तिनं करून दिली. तिचा बाप दादू हसत हसत पेटी घेऊन समुद्रात गेला. पडद्यावर त्याच्या बोटीचा ठिपका काशीदच्या पुढं सरकला आणि थांबला. मग गेलाच.

बाहेर वारा सुटला होता. फोन लागेना. सोनल उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. तिच्या ओठांचा रंग गेला. गणराजनं तिचा गार पडलेला हात धरला, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही, इतकी ती हादरली होती.

संध्याकाळी दादूची बोट रेवदंड्याच्या बंदराला लागली. अगदी धडधाकट.

"काय गो, रडतंस कशाला? मना काय झाला नाय. तुझी पेटीच मेली!"

दुसऱ्या दिवशी हेतलबेननं सगळ्यांना समोर बसवलं. "भई, कोणाची भूल? साफ बोला."

सोनल तोंड उघडणार, तोच गणराज म्हणाला, "माझी. घड्याळात चूक होती. काल काढली."

"सांगितलं होतं मी!" सोनल ओरडलीच. बापाची काळजी, रात्रभरचं रडू, सगळं त्या तीन शब्दांत बाहेर पडलं. त्यानं मान वर केली नाही. हेतलबेननं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो बॅग उचलून गेला. जाताना सोनलच्या कोपराजवळचा कप त्यानं लांब सरकवला.

ते सोनलला दिसलं. पण चूक ती चूक!

चूक तरी कसली होती, ते बघायला तिनं घड्याळाचा कोड उघडला. एक अक्षर बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते दाराशी. तिची खूण काढून टाकलेली होती.

का? तिनं मनात खूण पुन्हा तिथं ठेवली आणि चालवून पाहिली. खूण जागी होते. किती वाजले ते टिपायचं, म्हणून घड्याळाकडे जाते. घड्याळाच्या दारात खूण आहेच. ती जागी होते. किती वाजले ते विचारायला... घड्याळाकडे जाते. तिथं पुन्हा...

"अगं बाई!" सोनलच्या तोंडून निघालं.

विहिरीत तोंड घालून हाक मारावी आणि पडसादानं पडसादाला हाक मारत सुटावं, तशी पेटी स्वतःलाच टिपत टिपत मेली होती. ऑफिसातल्या टेबलावरच्या मशीनचं घड्याळ वेगळं, म्हणून तिथं हे कधी दिसलंच नाही. बापाला वाऱ्यात एकटं सोडलं होतं ते तिच्या स्वतःच्या खुणेनं.

ती तशीच हेतलबेनपुढं जाऊन उभी राहिली. "चूक माझी होती. त्याची नव्हतीच."

हेतलबेन चष्म्यावरून बघतच राहिली. "तो खोटा बोल्या? कोण असा खोटा बोलते?... जा, आण त्याला. नाही आला तर तू पण येऊ नको!"

दुसऱ्या दिवशी रोह्याला एसटी बदलून सोनल तळ्याला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. गणराजच्या घरापुढच्या खळ्यात भाताची झोडणी चालली होती. अंगभर कोंडा, डोक्याला पंचा, हातात पेंढी, आणि समोर ही! तो वर धरलेली पेंढी खाली आणायलाच विसरला.

"माझी चूक तुला कुणी घ्यायला सांगितली?" तिनं थेट तोफ डागली. "चोर आहेस तू!"

"सोनल, जरा हळू... आई आहे."

"असू दे! बोल, का घेतलीस?"

त्यानं पेंढी खाली आणली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "परवा तुझा चेहरा बघितला होता मी. ठिपका गेला तेव्हाचा. हे तुझ्याच हातून झालं, हे कळल्यावर कसा होईल तो... मला नसतं बघवलं. खूण काढली होती ना? बाबांना पुन्हा धोका नव्हता."

"आणि पुढच्या बोटीला? मला कळलंच नसतं, तर मी तश्शीच खूण दुसऱ्या दारात ठेवली असती! अरे, खोटा माग लावण्यापेक्षा माग नसलेला बरा. एवढंसुद्धा कळत नाही तुला?"

गणराजचा रंग उडाला. "हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"येईल कसं? तिथं दया भरलीय नुसती!" ती एक पाऊल पुढं आली. "मला दया नको गणराज. भांड माझ्याशी. चुकले तर तोंडावर सांग. असा बॅग उचलून... कप सरकवून... असं जातं का कुणी?"

ओटीवरून त्याची आई, चंद्राबाई, बाहेर आली. "कोन रं ही? रोज जिच्या कागाळ्या सांगतोस, तीच का ही?"

"रोज?" सोनल चमकली.

गणराजचे कान लाल झाले. "कामाच्या... कामाच्या कागाळ्या."

"कामाच्या कसल्या! ती कशी हसते नि कशी चिडते, हेच काम व्हय तुमचं?"

सोनल त्याच्याकडे वळली. मग पदर नव्हता म्हणून ओढणीच कमरेला खोचून, सगळ्या खळ्यादेखत, एका दमात म्हणाली, "मला तू आवडतोस. ऐकलंस? हे मी केलंय. पहिल्यांदा, मी. हे तरी स्वतःच्या नावावर घेऊ नकोस."

पेंढी त्याच्या हातातून सुटली ती पायावरच पडली. तो हलला नाही.

"नाही घेत... म्हणजे घेतो... म्हणजे मी पण—"

"आरं, सरळ व्हय म्हन की!" चंद्राबाई वैतागली. "पोरगी रेवदंड्यावरनं आली, आनि ह्याला एक शबूद जड झालाय!"

"व्हय," गणराज म्हणाला.