अर्धा सूर वर, अर्धा सूर खाली

सावळ्याने माझ्या स्पीकरची पिनच उपटली!

जामसरला हळदीत डीजे लावत होते. हो, मीच. हर्षाली, साखरशेतची. पोरगी डीजे लावते म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांत खडा जातो. जातो तर जाऊ दे. शेजारच्या खळ्यावर भात झोडून झालेलं, तिथं तारपा फुंकत नाच चाललेला. ती पावलं बघून मला राहवेना. माझं हाऊसचं, म्हणजे डिस्कोतलं धडधड ठेक्याचं गाणं मंद करत नेलं, ठेक्यावर ठेका बसवला आणि... एकदम शांत.

वळून बघते तर एक पोरगा. सावळा हे नाव नंतर कळलं. एका हातात लांबलचक तारपा, दुसऱ्या हातात माझी वायर.

"डोकं फिरलंय का रे?"

"माझं नाय, कुत्र्यांचं. ऐक."

खरंच, सगळ्या पाड्यातली कुत्री रडत होती.

"अरे, ठेका जुळवला होता मी!"

"ठेका बराबर जुळला. सूर भांडतोय बाय. नवरा-बायको बाजाराला बरोबर चाललेत, पण सगळ्या वाटेनं शिव्या देतायत... तसं."

मला इतका राग आला! कारण तो खरं बोलत होता. दोन गाणी मिसळायची तर ठेक्याचा वेगही जुळावा लागतो आणि सूरही. गाण्याचा सूर लॅपटॉप सांगतो. घरी दुधी पोखरून केलेल्या तारप्याचा कोण सांगणार?

"कानाने जुळव," वायर परत देत तो म्हणाला. बोटांना मेण चिकटलेलं. डोळ्यांत हसू.

"फुकट शिकवतोस?"

"नाय. चहा पाजायला लागंल."

पाजला. जव्हारच्या स्टँडवर, मग परत, मग सवयच झाली. मी त्याच्या कानाला हेडफोन लावायचे, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मी... ऐकणाऱ्याकडे बघत बसायचे.

"तुझं गाणं माझ्यापेक्षा अर्धा सूर वर हाय," एकदा म्हणाला.

"मग ये वर."

"तू ये की खाली."

"मी का येऊ?"

आमच्या भागात कॅमेरे येतात ते वावर गावाला, कुपोषणानं मेलेल्या पोरांची बातमी करायला. जित्या पोरांनी काय वाजवलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मोखाड्याच्या मेळाव्यात तारपा आणि हाऊस एकत्र वाजवायचं मीच ठरवलं. मेळावा भरवणारे देवजीकाका तोंड वाकडं करून म्हणाले, "एकदा दाखवा. जमलं तर हंगामभर दोघांना बोलावू. नाय जमलं तर तारपा वेगळा, डीजे वेगळा."

नाही जमलं तर सावळा भिवंडीला गोडाऊनवर कामाला जाणार होता. पिशवी भरून ठेवलेली.

"आणि तारपा?"

"टांगून ठेवायचा."

"आणि... बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"काही नाही." मी वायर गुंडाळत बसले. ती आधीच गुंडाळलेली होती.

तो जामसरला, मी साखरशेतला, दोघांच्याही घरी शेतातली कामं. तयारी फोनवरच झाली. त्याने तारपा रेकॉर्ड करून पाठवला, मी गाणं पाठवलं. मग माझं गाणं मी अर्धा सूर खाली उतरवलं, त्याला न सांगता. हेडफोनमध्ये दोन्ही असे मिसळले... अंगावर काटा आला.

मोखाड्याला उन्हं कलताना नाचणाऱ्यांनी कमरेला हात घालून फेर धरला. मी गाणं सोडलं. सावळ्याने गाल फुगवून फुंक घातली.

आणि मैदानातली कुत्री रडायला लागली!

लोक हसायला लागले. देवजीकाका हात वर करून मंचाकडे निघाले.

"तू वर कशाला गेलास?" मी ओरडले.

"तू खाली कशाला आलीस?"

त्याने तारप्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या सुरावर चढायला नळीतल्या जिभेवरचं मेण खरवडलं," तो हळूच म्हणाला. "बापानं लावलेलं. दुसऱ्या कुणासाठी हात पण लावला नसता, हर्षाली."

"मीसुद्धा... दुसऱ्या कुणासाठी एक सूत उतरले नसते."

तो हसला. खिशातून मेणाची गोळी काढायला लागला.

"हलू नको!" मी म्हटलं. "आहेस तिथंच थांब. या वेळी मी येते."

गाणं पुन्हा त्याच्या मूळ सुरात नेलं. सावळ्याने पुन्हा फुंक घातली आणि दोन आवाजांचा एक झाला. कुत्री गप्प. काकांचा हात अर्ध्यावरच राहिला, मग तोच हात ठेका धरायला लागला.

तारपा फुंकणाऱ्याला बोलता येत नाही. चांगली संधी होती.

"भिवंडीला जायचं नाय," मी टेबलावरून ओरडले. "माझ्याजवळ राहायचं. कळलं का?"

तो काय बोलणार! पण तारपेवाला जिकडे जातो, तिकडे नाच जातो. सावळा वाजवत वाजवत माझ्या टेबलाकडे निघाला... आणि मागून अख्खा फेर.