गोठ्यावरची तिसरी हाक

मोबाइल बाजूला ठेवा पोरांनो, मगच सांगतो. ही गोष्ट त्याचीच आहे, आणि माझ्या ओळखीच्या माणसासोबत घडलेली. देवणीकडचा व्यंकटी. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा, फक्त त्याच्या पोरीसमोर विचारू नका.

गेल्या येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, आदली रात्र. दुसऱ्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला जाणार, म्हणून व्यंकटीनं दिवसभर खपून कडब्याची कोप उभी केली आणि अंधार पडल्यावर कोपीत पुजायच्या पाच दगडांच्या पांडवांना लावायचा चुना आणायला गावात आला. शेतावर दोघंच राहिले, त्याचे ठार बहिरे वडील मारोतीतात्या आणि नऊ वर्षांची आरती. गाय आज-उद्या व्यायची होती. पोरगी म्हणाली, "म्या गाय सोडून येत न्हाई." लेकीपुढं व्यंकटीचं कधी चाललंय?

आणि घोर तरी कशाचा? गोठ्यावर कॅमेरा होता. गुरं चोरीला जातात म्हणून बसवलेला. व्यंकटी गावातनं मोबाइलवर बोलला की आवाज गोठ्यात निघायचा. तात्यांनी नातीला शिकवून ठेवलं होतं, रातच्याला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी हाक फक्त माणूसच मारतो. म्हणून व्यंकटी रोज त्या कॅमेऱ्यातून तीनदा हाक मारायचा, आणि पोरगी हसत समोर यायची. मोठं कौतुक होतं त्याला त्या यंत्राचं.

त्या रात्री घरी चहा पिता पिता त्यानं मोबाइल उघडला. आरती कॅमेऱ्याखाली उभी होती. वर बघून मान हलवत होती.

"हाव बाबा," ती म्हणाली. "येते."

व्यंकटी तर काही बोललाच नव्हता.

पोरगी वळली आणि विहिरीकडं निघाली. त्या विहिरीला कठडा नाही.

त्यानं बटण दाबलं. "आरती, थांब."

ती थांबली. वैतागून म्हणाली, "तुमीच तीनदा हाक मारलाव. हिरीकडं ये म्हणलाव. आता थांब म्हणून राहिलाव."

"म्या न्हाई मारली, बाळा."

मग मोबाइलमधून आवाज आला. हुबेहूब त्याचा.

"मीच हाय, आरते... ये."

खरा बाप कोणता, हे पोरीला कसं सांगायचं? दोन्ही आवाज एकच. तेवढ्यात गाय हंबरली.

"गाईच्या गळ्याला मिठी मार," तो म्हणाला. "डोळे मीट. कुणी बी हाक मारू दे, सोडू नको. म्या मारली तरी सोडू नको."

पोरगी गाईकडं पळाली. मिठी मारली.

चित्र गेलं.

चहा तसाच टाकून त्यानं गाडी काढली. रस्ताभर खिशातला मोबाइल बोलत होता. त्याच्याच आवाजात. आरती... आरती... आरती...

शेताच्या बांधाला गाडी लागली आणि आवाज थांबला.

कोपीत तात्या घोरत होते. आरती गाईला बिलगून उभी होती. डोळे मिटलेले.

"आरती."

ती हलली नाही.

"आरती..."

नाही. तिसरी हाक मारायला त्याची जीभच उचलेना. तो जवळ गेला. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं हळूच एक डोळा उघडला. "आता तुमचा हात ऊन लागतोय," ती म्हणाली. "मघाशी लई गार व्हता."

...

तेव्हापासून बापाच्या हाकेला आरती ओ देत नाही. तीनदा नाही, दहादा मारली तरी नाही. हातातलं काम टाकून तो तिच्याजवळ जातो, पाठीवर हात ठेवतो, तेव्हा कुठं ती मान वर करते. पोटच्या पोरीला आपली हाक परकी झाली, हे दुःख तो मला सांगतो आणि रडतो.

गाय पहाटे सुखरूप व्याली. उजाडल्यावर व्यंकटीला गाईच्या मानेवर, आरतीनं मिठी मारली होती तिथंच, एक काळा पंजा दिसला. पाची बोटं स्पष्ट. घासलं, गरम पाण्यानं धुतलं, निघाला नाही. आजही आहे.

त्यानं आपला हात त्यावर ठेवून पाहिला. बोटाला बोट जुळलं.