बरक्याचा बंद रांजण

जुनैद मस्कतजवळच्या बरक्याला आला तो भावाची, सिराजची, बॅग न्यायला. एवढंच काम होतं. व्हिसा निघेपर्यंत सिराजला जाऊन नऊ दिवस झाले होते. इथंच दफनही उरकलं होतं. गावचाच उस्मानभाय मस्कतमधल्या रुवीहून त्याला पिकअपमधून घेऊन आला.

भर दुपार होती. सिराज कामाला होता त्या खजुराच्या मळ्यात चिटपाखरू नव्हतं. शेडमध्ये सिराजची खाट, खाली बॅग, आणि कोपऱ्यात गोणपाटावर कमरेएवढा एक रांजण.

विहीर खोदताना तो सिराजलाच सापडला होता. मस्कतहून पुराणवस्तू खात्याचे साहेब येऊन बघून गेले. समुद्रापलीकडच्या जुन्या असिरियन राज्यातल्या लोकांचा आहे म्हणाले, अडीच हजार वर्षांच्या वरचा, जहाजातून आलेला असणार. तोंड मातीनं लिंपून बंद केलेलं होतं. गाडी पाठवतो, तोवर उघडू नका, असं बजावून ते गेले. जोडीला दुसरा असेल म्हणून सिराज पुन्हा खाली उतरला, आणि विहिरीची कड त्याच्यावर ढासळली.

जनाज्याला किती माणसं होती, ते उस्मानभाय सांगत होता. जुनैदच्या कानात काही शिरत नव्हतं. सख्ख्या भावाच्या कबरीत आपल्या हातच्या तीन मुठी माती पडली नाही, एवढंच त्याला खात होतं. तसं तो बोललाही.

"तुझ्या नावाची मी दिली रे."

"तुमची ती तुमची. माझी राहिली."

उस्मानभाय खाटेखालची बॅग ओढायला वाकला. तेवढ्यात रांजणातून आवाज आला. खापरावर आतून कुणी तळहात फिरवावा तसा… खरखर… थांबून पुन्हा खरखर. आणि ओल्या मातीचा वास.

"उंदीर असेल…"

"लिंपलेल्या रांजणात?"

जुनैदचं डोकं फिरलं. ह्याच मडक्यापायी भाऊ गेला. त्यानं भिंतीला टेकवलेली पहार उचलली. उस्मानभाय 'नको' म्हणेपर्यंत घाव बसला होता.

रांजण उभा दुभंगला. आत कोरडाठाक. फक्त तळाशी मातीचे तीन गोळे. बरक्याच्या पांढऱ्या मातीचे नव्हेत. तांबड्या मातीचे, गावच्या कबरस्तानात असते तसल्या. ओले. प्रत्येकावर मुठीत आवळल्याच्या चार बोटांच्या खोबणी.

उस्मानभाय दोन पावलं मागे सरला. तो गोळ्यांकडे बघत नव्हता.

"जुनैद… तू आत हात कधी घातलास?"

जुनैदनं घातलाच नव्हता. पहार अजून त्याच्या हातातच होती. त्यानं खाली पाहिलं. त्याचे हात मनगटापर्यंत तांबड्या चिखलानं भरले होते, आणि नखांतून पाणी ठिबकत होतं.