छतातली फट

"पहिली उडी माझी!" राजदीपनं कापसाच्या ढिगात झेप घेतली. पाठोपाठ त्याची बहीण उर्वशी आणि शेजारची कशफ!

दिवाळीच्या सुट्टीत बहीणभाऊ बाभुळगावजवळ इंदुमावशीकडे आले होते. मावशी गावची सरपंच. त्या वर्षी कापसाचा भाव पार कोसळलेला, म्हणून कोणी विकलाच नव्हता. घरं भरली, तेव्हा उरलेला कापूस लोकांनी हेमाडपंती महादेव मंदिराच्या मंडपात मधोमध रचला होता.

उताणी पडलेली कशफ एकदम म्हणाली, "वर पाह्य! त्या दगडी कमळाजवळून उजेड येऊन राह्यला. काल तर नव्हता!"

तिघं मागून छतावर चढली. कडेचे मोठाले दगड गायब! खाली देवीलाल ठेकेदाराची माणसं तेच दगड देवळाभोवतीच्या नव्या भिंतीच्या पायात भरत होती.

"अरे, या मंदिराला चुना नाही, माती नाही," उर्वशी म्हणाली. "दगडाला दगडाचंच वजन! करून पाहू?"

खाली येऊन तिनं ओट्याच्या कडेला एक वीट निम्म्याहून जास्त बाहेर ठेवली आणि तिच्या मागच्या टोकावर दुसरी. वीट तोलून राहिली. राजदीपनं मागची उचलली. धप्प! "कडेचं वजन गेलं की छतही असंच!" उर्वशी म्हणाली.

तिघं देवीलालकडे धावली. तो हसला. "शेकडो वर्षं नाही पडलं, ते आता पडते काय? पळा!"

एव्हाना मंडपात गावातल्या म्हाताऱ्या रुखमाबाई आणि इतर बायांचं भजन रंगलं होतं. वरून दगडाचा चुरा भुरभुरत होता!

"बाहेर या! छत पडते!" कशफ ओरडली.

"गप वो पोरी, भजन चालू हाय!" रुखमाबाईंनी दटावलं.

राजदीपनं छातीभर श्वास घेतला. "साप! कापसात साप शिरला!"

मग काय! टाळ टाकून बाया बाहेर. पोरांना रागवायला आलेला देवीलाल तर सगळ्यांच्या पुढे! रुखमाबाई मात्र चष्मा चाचपडत मागेच राहिल्या. उर्वशी आणि कशफ आत घुसल्या, त्यांना दोन्हीकडून धरून बाहेर आणलं, आणि...

धडाम! कमळासकट मधलं छत कापसावर कोसळलं.

धुरळा बसला. इंदुमावशीनं धावत येऊन एकेक माणूस मोजला. सगळे होते!

कशफचे अब्बा, अब्दुल गनी मेकॅनिक, जॅक आणि सागाच्या बल्ल्या घेऊन आले. उरलेलं छत टेकू देऊन सावरलं. कापसात रुतलेलं कमळ अखंड निघालं!

"चुकलंच माझं," देवीलाल खालमानेनं पुटपुटला.

"आता जाणकार आल्याबिगर एकाही दगडाले हात लावायचा नाही!" मावशीनं बजावलं.

रुखमाबाईंनी राजदीपचा कान धरला. "अन् साप कुठं हाय रे?"

"नव्हताच, आजी... तुम्ही ऐकतच नव्हत्या ना!"

कान सुटला. त्यांचा हात तिघांच्या डोक्यावरून फिरला. "आम्हा साऱ्यायचा जीव वाचवला रे, लेकरांनो!"

मग भजन निंबाखाली पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी टाळ पोरांच्या हातात होते.