कुठल्या पाण्यातला मासा

गुप्ते मास्तर पनवेलच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत आणि घरी मासे पाळत. त्यांच्या ओसरीवर चार काचपेट्या होत्या. खिडकीच्या काचा पत्र्याच्या पट्ट्यांत बसवून, फटींत डांबर भरून त्या त्यांनी स्वतःच जोडल्या होत्या. बाजारला जाणारी-येणारी माणसं दोन घटका थांबून बघत आणि पुढे जात. त्यामुळे छप्पन सालच्या कार्तिकात हसनमियां खलाशी एक गंजका डबा घेऊन करंजाड्याच्या भामाबाईसह दारात उभा राहिला, तेव्हा मास्तरांना नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते डब्यात डोकावल्यावर. वीतभर लांबीचा मासा, अंग वांब माशासारखं लांबुळकं, खवले चिलखतासारखे घट्ट. पाठीवर एकामागे एक परांची छोटी-छोटी शिडं उभी होती. मध्येच तो वर आला, तोंड बाहेर काढून त्याने हवेचा घोट घेतला आणि पुन्हा तळाशी जाऊन बसला.

"मुंबईच्या गोदीत एका परक्या खलाशानं दिला," हसनमियां म्हणाला. "तेला दुसऱ्यानं दिला होता, त्या दुसऱ्याला तिसऱ्यानं. डब्यावर हिचं नाव नि गाव. अक्षर काशिरामचंच. मी वळखतो."

काशिराम भामाबाईचा नवरा. मिठागराचं काम सोडून मालवाहू जहाजावर गेलेला. वर्षभर त्याची चिठ्ठी नव्हती.

भामाबाई खाली जमिनीकडे बघत होती. "मास्तर, यो मासा कुठल्या पान्यातला, तेवढं सांगा. म्हंजे माजा मानूस कुठं हाय ते कलंल."

मास्तरांनी आपली सगळ्यात मोठी पेटी तिला दिली, बैलगाडीतून करंजाड्याला पोचवली. माशाचं चित्र काढून मुंबईच्या एका संग्रहालयाला पाठवलं. महिन्याभराने तिथल्या मत्स्यतज्ज्ञांची टंकलिखित पाच पानं आली. हा बिचिर, आफ्रिकेतला. नदी बदलली की त्याचं रूप बदलतं. पाठीवरची शिडं मोजावीत, वरचा जबडा पुढे की खालचा ते पाहावं, अंगावरची नक्षी पाहावी, म्हणजे कोणत्या नदीतला ते सांगता येतं.

पौषातल्या एका रविवारी मास्तर सायकलने करंजाड्याला गेले. ओल्या फडक्यात मासा धरून त्यांनी भिंगाखाली तपासला. शिडं दहा. वरचा जबडा पुढे. अंगावर जाळीसारखी नक्षी. तसं चित्र त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

"काँगो नदी," ते म्हणाले. "खालच्या अंगाला, समुद्राजवळ. तिथे जहाजं लागतात."

भामाबाईने ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे उजळलं ते पाहून मास्तर घरी येईपर्यंत खुशीत होते.

माघात ते पुन्हा गेले. मासा वाढला आहे का, एवढंच बघायचं होतं. भिंग लावलं आणि त्यांचा हात थांबला. जाळी नव्हती. अंगावर काळे आडवे पट्टे होते आणि खालचा जबडा पुढे आला होता. त्यांनी शिडं मोजली, पुन्हा मोजली. मग भामाबाईला म्हणाले, "एकेका शिडाला एकेक चिंचोका ठेवा."

तिने ठेवले. तेरा भरले.

कुणी मासा बदलला असेल म्हणावं, तर अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात असा दुसरा मासा नव्हता. मास्तरांनी वहीतलं स्वतःचं पौषातलं चित्र उघडून पाहिलं. चित्रात दहाच होती.

"आता कुठला?" तिने विचारलं.

न सांगणं बरं, असं त्यांना वाटलं होतं. पण तिने पाच पानांकडे बोट दाखवलं आणि खोटं बोलणं त्यांना जमेना. "काँगोच्याच वरच्या अंगाला असा असतो. पूर्वेकडच्या एका मोठ्या तलावातही."

"पूर्वेला. म्हंजे आपल्याकडं?"

"बाई, तसा अर्थ नाही त्याचा."

तिने चिंचोके गोळा करून पदराला बांधले.

फाल्गुनात जहाज कंपनीच्या एजंटाचं पत्र आलं. भामाबाईला वाचता येत नव्हतं, ती ते मास्तरांकडे घेऊन आली. मास्तरांनी आधी मनात वाचलं. काँगोच्या मुखाजवळच्या बंदरात काशिराम उतरला होता, जहाजावर परतला नाही. जहाज गेल्यावर पाच दिवसांनी त्याचं प्रेत नदीत सापडलं. तिथेच काठावर पुरलं. या गोष्टीला आता दहा महिने झाले होते.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. भामाबाईने ऐकून घेतलं, कपाळावरच्या कुंकवाला हात लावला नाही.

"बंदर तुमी बरोबर सांगितलं होतं," ती म्हणाली. "पन कागद जुना हाय, मास्तर. तिथनं तं तो कवाच निघाला. तुमीच बोललात ना, तलावाशी पोचला म्हनून."

त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही. आपण मोजलं नसतं तर ही बाई निदान रडली असती, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

चैत्रात शिडं सोळा झाली आणि अंगावर उभ्या रेघा आल्या. पानांत लिहिलं होतं: नाईलकडचा, आणि वाळवंटातल्या एका तलावातला. आफ्रिकेच्या पूर्व अंगाचा.

"तेच्या म्होरं काय?"

"पुढे समुद्र. समुद्रात हा मासा जगत नाही. त्यापुढे याची जात कुठेच नाही."

"समुद्र तेला म्हाईत हाय," भामाबाई म्हणाली.

वैशाखात मास्तर गेले तेव्हा पेटीच्या काठावर पांढरी किनार धरली होती. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं. त्यांनी पेटी उपसली, विहिरीचं गोडं पाणी स्वतः भरलं आणि पुढच्या रविवारी येऊन पाहिलं. पुन्हा खारट. मासा तळाशी पडून होता, पोटाखाली फिकट. वर येऊन हवा घेत नव्हता. मेलाही नव्हता.

भामाबाईने ओंजळ भरून चाखली. तिचा जन्म मिठागरात गेला होता.

"ह्ये आपलं मीठ नाय," ती म्हणाली. "खोल पान्याचं हाय."

त्याच्या पुढच्या रविवारी तिने पुन्हा चाखलं आणि कितीतरी वेळ गिळलंच नाही. मग हळूच म्हणाली, "आज आपल्या खाडीचं."

पेटीचा तळ चिखलाने गढूळ झाला होता. मास्तरांनी भिंग काढलं. पण मोजायला हात पुढे झाला नाही. ते काहीतरी कारण सांगून निघाले आणि दोन रविवार फिरकले नाहीत.

तिसऱ्या रविवारी गेले ते केवळ पेटी परत मागायला. ऊन रणरणत होतं. पेटी धुऊन पुसून अंगणात उपडी ठेवली होती.

"मासा?" त्यांनी विचारलं.

"आता लागत नाय."

ती हसली. अंगावर नवं लुगडं होतं. चुलीवर भात रटरटत होता. खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं आणि उंबऱ्याखालची जमीन ओली होती.

"पुरून टाकलात का?"

तिने घंगाळात भिजत घातलेलं गोणपाट उचललं, किंचितच पिळलं. त्यातून खाडीच्या चिखलाचा वास आला.

"बसा म्हनलं असतं, मास्तर. पन उनात नाय येत तो. अंग सुकतं तेचं."

दार हातभरच उघडून ती आत गेली. दार लागलं.

मास्तर अंगणात उभे राहिले. आत गोणपाटाचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. नंतर ते ठिबकणंही थांबलं.

"हां," भामाबाईचा आवाज आला, घरच्या माणसाशी बोलावं तसा. "मास्तर हायेत. जातील आता."

विचारणाऱ्याचा आवाज मास्तरांना ऐकू आला नव्हता.