सर्वसाधारण आजोबा

दापोलीच्या चांद्रबस स्थानकावरच्या द्वारपाल यंत्रमानवाने पासावरचा फोटो पाहिला, मग आबांकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "पासावरचे गृहस्थ आले की पाठवा. तुम्ही त्यांचे वडील दिसता."

तन्मयीने जीभ चावली.

चंद्रावरच्या नव्या दुर्बिणीचा आरसा आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, स्वतःच्या हातांनी घासून तयार केला होता. आज ती दुर्बीण पहिल्यांदा डोळा उघडणार होती आणि तिच्यातून पहिल्यांदा बघणार होते आबा. ही बस चुकली, तर पुढची थेट गणपतीनंतर.

"माझा अंगठा तपासा," आबा म्हणाले.

"तपासला. त्यावर रेषाच नाहीत."

हेही खरंच होतं. जन्मभर काच घासून आबांची बोटं आरशाइतकीच गुळगुळीत झाली होती. आबा वळले. "तनू, फोटोत नेमकं काय काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, दुर्बिणीच्या दालनात हाच फोटो लागणार आहे, जरा डागडुजी कर!"

"डागडुजी म्हटलं होतं. तू तर पाडून नवीन बांधलंस."

तन्मयीने सगळं सांगून टाकलं. आधी तिने फक्त नाकावरची चामखीळ काढली. ती गेल्यावर शेजारच्या सुरकुत्या जास्तच नजरेत भरायला लागल्या, म्हणून त्या काढल्या. मग इतक्या तुकतुकीत चेहऱ्यावर टक्कल काही शोभेना.

"केस कुठून आणलेस?"

"तुमच्या मिशीतून."

आबांनी मिशी चाचपली. जागेवर होती.

"काळजी नको," द्वारपाल म्हणाला. "माझ्यात सुरकुत्या परत घालायची सोय आहे." त्याने पासावरचा फोटो गिळला, घुर्र केलं आणि नवा बाहेर काढला. फोटोत एक म्हातारे गृहस्थ होते. सभ्य, प्रेमळ आणि पूर्ण अनोळखी.

"हे कोण?" आबांनी विचारलं.

"सर्वसाधारण आजोबा," द्वारपाल म्हणाला.

"पण मी पुसलेल्या सुरकुत्या गेल्या कुठे?" तन्मयी रडवेली झाली. "फोटोत खाली कुठेतरी असतीलच ना?"

बस उभी, वेळ थोडा. पण नातीने प्रश्न विचारल्यावर आबांना थोपवणं बसच्या बापालाही जमलं नसतं. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. "ही फरशी बघ. फोटो असाच चौकोनाचौकोनांचा असतो. त्यातला एकेक चौकोन म्हणजे पिक्सेल (चित्राचा सगळ्यात छोटा ठिपका). संगणक त्यात रंग ठेवत नाही, आकडे ठेवतो. लाल किती, हिरवा किती, निळा किती. माझी चामखीळ म्हणजे त्याच्या लेखी काय?"

"थोडे गडद आकडे."

"शाब्बास. तू ब्रश फिरवलास, तेव्हा त्याने काय केलं?"

"पुसलं."

"छे! शेजारच्या गालाचे आकडे उचलून तिथे लिहिले. फळा पुसून दुसरं गणित मांडलं, की पहिलं राहतं का?"

"नाही. मग या द्वारपालाने घातल्या त्या सुरकुत्या कुणाच्या?"

"मी पाहिलेल्या हजारो आजोबांच्या," द्वारपाल अभिमानाने म्हणाला. "सरासरी काढून."

"म्हणजे अंदाज," आबा म्हणाले. "माझ्या नव्हेत."

बसची घंटा झाली. आबांनी पिशवी खाली ठेवली. तन्मयीला ते बघवेना.

तेवढ्यात तिला नंदाआत्या आठवली. आत्याचा चिपळूणला फोटो स्टुडिओ होता आणि तिथला नियम कडक होता: मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याच्यावर लेअर (काचेसारखा पारदर्शक थर) ठेवायचा आणि काय रंगवायचं ते त्या काचेवर. तन्मयीनेही तसंच केलं होतं.

"आबा! पास काढताना सगळे थर एकत्र दाबले गेले. पण माझ्या टॅबमध्ये ते अजून सुटे आहेत!"

तिने टॅब उघडला. प्रत्येक थराशेजारी एक चिमुकला डोळा होता. पहिला डोळा मिटला; आबांचे केस उडाले. दुसरा मिटला, सुरकुत्या घरी परतल्या. तिसऱ्यासरशी चामखीळ नाकावर येऊन बसली. फोटो अस्सल असल्याची कॅमेऱ्याने उमटवलेली खूणही तळाच्या फोटोवर शाबूत होती.

द्वारपालाने खूण तपासली, नाक तपासलं आणि वाकून दार उघडलं. "नमस्कार, सोहोनीसाहेब. तुमचे चिरंजीव मात्र अजून आलेले नाहीत."

दोन दिवसांनी, तन्मयी शाळेतून येऊन पोहे खात होती, तेव्हा चंद्रावरून फोटो आला. काळं आभाळ, तारे आणि कोपऱ्यात एक पुसट ठिपका. खाली आबांचा निरोप: "इथली मंडळी म्हणाली, आरशावरची धूळ दिसते, फोटोतून पुसून टाकू. मी म्हटलं, आमच्या घरी मूळ थराला हात लावत नाहीत. त्याच आभाळाचा, काही तासांनी काढलेला दुसरा फोटो पाठवतोय. तू बघ."

दुसरा फोटो आला. तन्मयीने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि तिचा घास हातातच राहिला.

तारे जिथल्या तिथे होते. ठिपका जरासा सरकला होता.

आरशावरची धूळ अशी चालत नाही.